लाकूड पायाखाली की डोक्यावर?

"वुडन फ्लोअरिंग करून घ्यावं का रे?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. मी ना सिव्हिल इंजिनिअर ना सुतार. कोड लिहून पोट भरणारा माणूस. पण आपल्या मित्रमंडळींत एखाद्या विषयावर दोन लांबलचक ईमेल लिहिल्या की आपण त्या विषयातले तज्ज्ञ ठरतो, त्यातला प्रकार. पूर्वी हा प्रश्न बाणेर-वाकडच्या फ्लॅटबद्दल असायचा. आता तो मंचर, नारायणगाव आणि जुन्नरहून येतो. विचारणारा बहुधा असा असतो : स्वतः हिंजवडीत, आईवडील गावाकडे, पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या नव्या बिल्डिंगमध्ये घेतलेला टू बीएचके. थोडा आईवडिलांसाठी, थोडा आपल्या वीकेंडसाठी. हप्ता चालू झालाय, इंटिरिअरवाला येऊन गेलाय, आणि कोटेशनच्या दुसऱ्या पानावर हॉलची "ओक फिनिश" जमीन आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढे वाचायला नको. सिमेंटच्या स्लॅबवर सॉलिड लाकूड, तेही जुन्नर-आंबेगावात : नको. इंजिनिअर्ड किंवा लॅमिनेट, एखाद्या बेडरूमपुरतं, काही अटींवर : चालेल. हॉलमध्ये नको, आणि स्वयंपाकघरात तर अजिबातच नको. आता कारणं.

पावसाळ्यात घराचं दार चौकटीला घासतं हे सगळ्यांनी पाहिलंय. जुलैत सुतार येतो, रंधा मारून जातो आणि मार्चमध्ये त्याच दाराच्या फटीतून उजेड येतो. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ते झाड असतानाची सवय तोडून आणल्यावरही सुटत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड सावकाश ६ टक्के ओलाव्याला येऊन स्थिरावतं, ८० टक्के असेल तर १६ च्या आसपास. नारायणगावात एप्रिलची दुपार आणि ऑगस्टचा आठवडा आठवून बघा. ही दोन टोकं आपल्याकडे एकाच वर्षात, एकाच खोलीत येतात. (पश्चिमेकडे, डिंभ्याच्या वर किंवा नाणेघाटाच्या बाजूला, तर ऑगस्टबद्दल बोलायलाच नको. तिथे वाळत घातलेला टॉवेलसुद्धा आठवडाभर विचार करतो.)

दार तीन फुटांचं असतं, जमीन बारा फुटांची. सागवान हे त्यातल्या त्यात शहाणं लाकूड. ओल्याचं पूर्ण कोरडं होईपर्यंत रुंदीत जास्तीत जास्त ६ टक्क्यांच्या आतबाहेर आकसतं. अमेरिकन रेड ओक साडेआठ टक्क्यांच्या पुढे जातं. तरी हिशोब करा. लाकडातला ओलावा ५ टक्क्यांनी वाढला तर सागाची फळी रुंदीत साधारण १ टक्का वाढते. बारा फुटांच्या खोलीत हा १ टक्का म्हणजे जवळजवळ दीड इंच. प्रत्यक्षात फळ्या वेगवेगळ्या कापाच्या असतात, त्यामुळे आकडा कमी येतो, पण शून्य येत नाही. भिंतीपाशी तेवढी जागा सोडली नसेल तर लाकडाला वर उचलण्याशिवाय दुसरा रस्ता उरत नाही. लांबीत मात्र लाकूड जवळपास वाढत नाही. म्हणूनच फुगलेली जमीन एकाच दिशेने लाटांसारखी दिसते.

हे झालं वरच्या हवेचं. खाली स्लॅब आहे. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पडतं असं धरा. त्यातलं रासायनिक क्रियेत कायमचं बांधलं जातं ते जेमतेम १२ लिटर. उरलेलं काँक्रीटच्या बारीक छिद्रांत बसतं आणि सवडीने बाहेर पडतं. त्यात आपण स्लॅबवर वाफे करून आठवडा-दोन आठवडे पाणी भरून ठेवतो. ते करायलाच हवं, त्याशिवाय काँक्रीटला ताकद येत नाही, पण ते पाणीही शेवटी कुठेतरी जाणारच असतं. जुना ठोकताळा असा की जाडीच्या प्रत्येक इंचाला वाळायला एक महिना. पाच-सहा इंचांचा स्लॅब म्हणजे अर्धं वर्ष, तेही कोरड्या हवेत. आपल्याकडे मधे चार महिने पावसाळा येतो, आणि स्लॅब कसला वाळतोय, उलट पितो. त्यावर फरशीखालचा सिमेंट-वाळूचा दीड-दोन इंचांचा थर, त्याचं वेगळं पाणी. आणि पझेशन नेहमी दसरा-दिवाळीच्या मुहूर्तावर. म्हणजे बिल्डिंग भिजून बाहेर आली रे आली की इंटिरिअरवाला आत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण नेटवरचे सगळे लेख स्लॅबलाच खलनायक करतात. बिल्डिंग तीन-चार वर्षं जुनी असेल, फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल आणि जमिनीवर आधीच व्हिट्रिफाइड टाइल्स असतील, तर स्लॅबचा त्रास बराच कमी झालेला असतो. तळमजल्याची गोष्ट निराळी. तिथे मातीतला ओलावा केशाकर्षणाने वर चढत राहतो, आज ना उद्या नाही, कायम. शिवाय त्याच वाटेने वाळवीही येते. तळमजल्यावर लाकडी जमीन घालणाऱ्याला माझ्याकडे सल्ला नाही, सहानुभूती आहे.

मग शोरूममधली जमीन इतकी सुंदर कशी राहते? कारण शोरूमला बाराही महिने एसी आहे. आपल्या धंद्यात याला "माझ्या मशीनवर चालतं" म्हणतात. अमेरिकेत दोन वर्षं काढून आलेल्या मित्रांचंही तेच. तिथे लाकडी जमीन टिकते कारण हिवाळ्यात हीटर, उन्हाळ्यात एसी आणि खिडक्या बंद. हवेतली आर्द्रता एका पट्ट्यात धरून ठेवलेली. शिवाय तिथल्या बहुतेक सुट्ट्या घरांचा सांगाडाच लाकडाचा असतो, फळी लाकडावर ठोकलेली असते. काँक्रीटच्या इमारतीत लाकूड घालायचं तर तिथलेही लोक आधी ओलावा मोजतात, मग फळी उघडतात. आपण तिकडून फोटो आणला, मोजायची सवय नाही आणली. मंचरच्या फ्लॅटमध्ये जून ते सप्टेंबर खिडक्या सताड उघड्या असतात, आणि असाव्यातच. नाहीतर तिथे घर घ्यायचं कशाला?

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोटेशनमध्ये कुठेच नसतं : फरशी कोण पुसतं?

आपल्याकडे फरशी रोज पुसली जाते. बादली, फडकं, फिनाइल. कामाला येणाऱ्या मावशी वीस-पंचवीस वर्षं हेच काम, याच पद्धतीने, उत्तम करत आलेल्या असतात. लॅमिनेटच्या आत दाबलेल्या लाकडाच्या भुशाचा पत्रा असतो. सांध्यातून पाणी आत गेलं की त्याच्या कडा फुगतात, आणि एकदा फुगल्या की परत बसत नाहीत. मग घरात काय होतं? "मावशी, किती वेळा सांगितलं फडकं घट्ट पिळायचं!" मी तीन घरांत हे वाक्य ऐकलंय. एका घरात तर पैसे कापण्यापर्यंत गोष्ट गेली होती. म्हणजे जमीन निवडली आपण, विकली दुकानदाराने, भिंतीपाशी जागा न सोडता बसवली ठेकेदाराने, आणि गुन्हेगार कोण, तर महिन्याला सगळ्यात कमी पैसे घेणारी बाई. जी वस्तू टिकवायला दुसऱ्या माणसाला आपली हयातभराची पद्धत बदलावी लागते, त्या वस्तूच्या किमतीत ते शिकवण्याचा वेळ आणि चुकांचा खर्च आपल्या बाजूला धरायला हवा. तो धरायचा नसेल तर टाइल्सच बऱ्या.

आईवडिलांचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी झटकत नाही. डिसेंबर-जानेवारीत जुन्नरची पहाटे टाइलवर पाय ठेवताना गुडघ्यापर्यंत कळ जाते. लाकूड उबदार लागतं ते ते स्वतः गरम असतं म्हणून नव्हे. तापमान दोघांचं सारखंच. पण टाइल पायातली उष्णता भराभर ओढून घेते, लाकूड सावकाश घेतं. पडल्यावर हाड मोडायची शक्यताही थोडी कमी, असं म्हणू. पण मग एप्रिल-मेचं काय? भर दुपारी, लाइट गेलेले असताना, उघड्या फरशीवर पाठ टेकवण्यात जे सुख आहे ते तुमच्या ओक फिनिशवर नाही. थंडी दोन महिन्यांची. त्याला घोंगडी आहे, सतरंजी आहे, आणि ती मार्चमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकता येते.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

जुन्नरच्या जुन्या पेठांतल्या वाड्यात कधी माडीवर गेला असाल, तर आठवा तिथे पायाखाली काय असतं. माती! लाकूड त्याच्या खाली. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट, आणि त्या पाटांवर मातीचा जाड थर, चोपून, शेणाने सारवलेला. याला कडीपाट म्हणतात. खाली सोप्यात बसून वर बघितलं की लाकूड दिसतं. वर गेलं की पाय सारवणावर. म्हणजे आपल्याकडे लाकूड बघायचं ते मान वर करून. आपण आता जे करतोय, खाली सिमेंट आणि वर लाकूड, ते बरोबर उलटं आहे.

ही काही जुन्या लोकांची गरिबी नव्हती. ज्याला शंभर तुळया घालता येत होत्या, त्याला वर आणखी एक फळी घालणं जड नव्हतं. पण कडीपाटाचं लाकूड खालून उघडं असतं. त्याला हवा लागते. फुगायला-आकसायला फटी असतात, वरची माती ते सगळं पोटात घेते. वाळवी लागली तर तिची मातीची रेघ खांबावर दिसते, पाणी मुरलं तर पाटावर डाग दिसतो, आणि एखादी कडी गेली तर तेवढीच बदलता येते. माती ठिसूळ झाली की पुढच्या सणाला सारवायची. म्हणजे जो भाग झिजणार तो स्वस्त आणि घरच्या घरी बदलता येणारा, आणि जो महाग तो डोळ्यांसमोर. याला आपण आज चांगलं डिझाइन म्हणतो आणि त्यावर स्लाइड्स बनवतो. स्लॅबवर चिकटवलेल्या लाकडाचं सगळं याच्या विरुद्ध : महाग भाग झिजतो, आणि बिघाड जिथे होतो ती बाजू कायमची झाकलेली.

बरं, लाकूड डोक्यावर ठेवायची ही सवय वाड्यांपेक्षा खूप जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला सागाच्या खऱ्या फासळ्या अजून आहेत. डोंगर कोरून केलेल्या गुहेला आधाराची गरज नव्हती, तरी लावल्या, कारण छत म्हणजे लाकूड हे डोक्यात पक्कं होतं. जुन्नरच्या लेण्यांत दर्शनी भागावर कठडे आणि तुळयांची टोकं दगडातच कोरलेली दिसतात. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन उतरणाऱ्यांपैकी शेजारच्या ६ क्रमांकाच्या लेण्यात डोकावणारे थोडेच. ते चैत्यगृह आहे आणि कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने त्याचं दान केल्याचा ब्राह्मी लेख तिथे आहे. मला तिथे नेहमी गंमत वाटते ती ही, की लाकडाची इतकी हौसेने नक्कल करणाऱ्या त्या कारागिरांनी जमीन मात्र सरळ दगडाची ठेवली. फळ्यांच्या रेघा कोरायचा मोह कुणालाही झाला नाही.

त्यामुळे नकलेला माझा विरोध नाही. लॅमिनेट म्हणजे तरी काय, तर लाकडाचा कागदावर छापलेला फोटो आणि त्यावर पारदर्शक कडक थर. एकेकाळी जुन्नरी कागद नावाजलेला होता, दप्तरं त्यावर लिहिली जात. आता त्याच जुन्नरात परदेशी ओकच्या फोटोचा कागद जमिनीवर अंथरायला येतोय, एवढाच फरक. असो.

विरोध आहे तो दुसऱ्याच गोष्टीला. या टू बीएचकेंपैकी काही जुन्या वाड्यांच्या जागेवर उभ्या राहतायत. भावकी मोठी, वाटे सोळा, दुरुस्ती कुणी करायची यावर वीस वर्षं भांडण, शेवटी बिल्डर. मी त्यांना दोष देत नाही. गळक्या वाड्यात राहणं किती रोमँटिक असतं ते राहणाऱ्याला विचारा. आमच्याच नात्यातल्या एका वाड्याचा करारनामा चुलतभावाने मला वाचायला पाठवला. "तुला इंग्रजी कळतं, बघ जरा." सतरा पानांच्या त्या कागदात एक ओळ होती : पाडकामातून निघणारं सर्व साहित्य विकसकाचं. सर्व साहित्य! म्हणजे विटा, पत्रे, दगडमाती आणि त्याच दमात चार खणांच्या सागाच्या तुळया, कड्या, पाट आणि कोरीव खांब. दादाला वाटलं होतं "साहित्य" म्हणजे राडारोडा.

या जुन्या सागाला मागणी आहे. सावकाश वाढलेल्या झाडाचं, पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं लाकूड आता रानात तसं मिळत नाही. ते पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याकडे जातं, चिरलं जातं आणि जुन्या सागाचं फर्निचर किंवा, हो, फ्लोअरिंग म्हणून विकलं जातं. आणि ज्याच्या माजघराच्या डोक्यावर ते होतं तो माणूस त्याच जागेवरच्या तिसऱ्या मजल्यावर ओकचा फोटो चौरस फुटाच्या भावाने विकत घेतो. हे गणित मला कुठल्याही बाजूने सुटत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : वाडा पाडायचा तर पाडा, पण करारात लाकूड वेगळं लिहा. तुळया किती, खांब किती, पाट किती, कुणाच्या ताब्यात जाणार, पाडताना करवतीने तुकडे करायचे नाहीत, सुटे करून उतरवायचे. सह्या व्हायच्या आधी फोटो काढून यादी जोडली की हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. आमच्याकडे बिल्डर थोडा कुरकुरला, मग कबूल झाला. त्याने पाडकामाचा भाव थोडा वाढवून घेतला. तेही रास्तच. जेसीबीने दोन दिवसांत होणारं काम माणसांनी आठ दिवस केलं.

आणि त्या लाकडाचं करायचं काय? जमीन सोडून काहीही. मुख्य दार, देवघर, झोपाळा, जेवणाचं टेबल, खिडकीखालचा बाक. या सगळ्यांना चारी बाजूंनी हवा लागते आणि एखादं वाकलं तर तेवढंच दुरुस्त करता येतं. काकूंना झोपाळा हवाय. हॉलच्या बीमला हुक बसेल का, हे मात्र आरसीसीवाल्याला विचारूनच ठरवा. सुताराच्या "बसतंय की"वर जाऊ नका.

इतकं सांगूनही ज्यांना बेडरूममध्ये लाकडी जमीन हवीच आहे (दर वेळी निम्मे लोक ऐकून घेतात आणि करतातच), त्यांच्यासाठी थोडं कामाचं. पझेशननंतर निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. अठरा इंच चौरस जाड प्लास्टिक जमिनीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून एक रात्र, निदान सोळा तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा सिमेंट काळपट झालं तर काम थांबवा. थेंब नाही दिसले म्हणून सगळं कोरडं आहे असंही नाही, ही चाचणी ढोबळ आहे. खात्री हवी तर स्लॅबमध्ये ठरावीक खोलीपर्यंत भोक पाडून आर्द्रता मोजायची पद्धत आहे, एएसटीएम एफ २१७० नावाची. कंपन्या सहसा ७५ ते ८५ टक्क्यांच्या आतला आकडा मागतात. फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर भोक पाडण्याआधी वायर-पाइप कुठून गेलेत ते बघा. टाइल्स आधीच असतील आणि पोकळ वाजत नसतील, तर त्या उखडू नका. फोमच्या थरावर तरंगती जमीन त्यांच्यावरच बसते. फक्त दार खालून तासावं लागेल आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी उंची जमते का ते आधी मोजा. सरळ पट्टी ठेवून दोन मीटरमध्ये ३ मिलिमीटरपेक्षा जास्त खळगा नको, नाहीतर चालताना फळी लचकते. भिंतीपाशी चारी बाजूंनी १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा हवी. ठेकेदार म्हणेल, स्कर्टिंगने झाकणारच आहे, कशाला सोडायची? स्कर्टिंग झाकण्यासाठीच असते, तिथे उभे राहून सोडून घ्या. बॉक्स आणल्या आणल्या फोडू नका, त्याच खोलीत दोन दिवस पडू द्या, लाकडाला हवेची ओळख होऊ द्या. बिल्डिंगमध्ये खाली कुणी राहत असेल तर फोम जरा बरा घ्या, कारण लॅमिनेटवर पडलेला चमचा खालच्यांना पातेल्यासारखा ऐकू येतो. आणि पुसण्यासाठी चपटा मॉप स्वतः विकत आणा, स्वतः एकदा पुसून दाखवा.

जुनं लाकूड चिरायला देणाऱ्यांना आणखी एक. वखारीत नेण्याआधी प्रत्येक तुळईवरून मेटल डिटेक्टर फिरवा, हातात धरायचा साधा मिळतो. वाड्यातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कंदील, पाळणे, तोरणं आणि कॅलेंडरं टांगलेली असतात, खिळे आत गंजून मोडलेले असतात आणि वरून काही दिसत नाही. आमच्या एका तुळईतून एकोणीस निघाले. पातं तुटलं तर वखारवाला पात्याचे पैसे लावतो आणि पुढची तुळई आत घेत नाही.